निर्णयवही कशी ठेवावी: प्रॉडक्ट टीम सांभाळणाऱ्यांसाठी

चार वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये एक नवा इंजिनिअर आला. आम्ही दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. रिसेप्शनवर बसणारी व्यक्ती ते दिवसभर वापरते आणि पेशंटही त्यावरून स्वतः वेळ घेऊ शकतात. रुजू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी त्याने मीटिंगमध्ये विचारलं, "पेशंटने ऑनलाइन वेळ घेतली तर त्याला मेसेज जातो. रिसेप्शनला फोन करून घेतली तर जात नाही. असं का?"

खोलीत आम्ही सहा जण होतो. चौघांनी चार कारणं सांगितली. एक म्हणाला मेसेजचा खर्च, दुसरा म्हणाला दवाखान्यांनीच नको म्हटलं होतं, तिसरीला आठवत होतं की आधी ऑनलाइनचं करून मग हे करायचं ठरलं होतं, आणि चौथ्याला तो बगच वाटत होता. मी पाचवं कारण सांगितलं आणि ठामपणे सांगितलं, कारण तो निर्णय माझाच होता. संध्याकाळी जुने मेल उघडले तेव्हा कळलं की माझंही चुकलंय. रिसेप्शनवर लिहून घेतले जाणारे बरेच नंबर त्या काळी लँडलाइनचे असत. मेसेज पोचत नसे, आणि न पोचलेल्या मेसेजबद्दल दवाखाने आमच्या सपोर्टला फोन करत. म्हणून "तूर्तास बंद ठेवू" असं मी लिहिलं होतं. पुढे लँडलाइन नंबर जवळजवळ दिसेनासे झाले, पण 'तूर्तास' तसंच राहिलं. फोनवरून वेळ घेणाऱ्यांत वयस्कर पेशंट जास्त. ज्यांना आठवण करून देण्याची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांनाच आम्ही दोन वर्षं मेसेज पाठवला नाही.

निर्णय घेतला तेव्हा तो बरोबरच होता. पण तो कशाच्या भरवशावर घेतला होता हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो भरवसा कधी संपला हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच सुमाराला माझ्या हाताखाली, प्रॉडक्टमध्ये काय बनवायचं ते ठरवणारे तीन प्रॉडक्ट मॅनेजर आले होते. म्हणजे आता माझ्या एकटीच्या डोक्यात काय आहे याला फार किंमत उरली नव्हती. त्याच आठवड्यात मी निर्णयवही सुरू केली. ती कशी ठेवायची आणि तिच्यामुळे बाकीचं काम कसं बदलत गेलं, ते सांगते.

नोंद कशी करायची

वही म्हणजे सगळ्या टीमला वाचता येईल असं एक साधं डॉक्युमेंट. त्यासाठी वेगळं टूल घेऊ नका. टूल निवडण्यातच महिना जातो आणि नोंदी राहून जातात. एका निर्णयाला जास्तीत जास्त अर्धं पान. ज्याने निर्णय घेतला त्यानेच लिहायचं, त्याच दिवशी. लिहायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर बहुतेकदा निर्णय अजून झालेलाच नसतो, नुसतं सगळ्यांनी मान डोलावलेली असते.

आमच्या वहीतली एक खरी नोंद देते, कारण नमुना बघितल्याशिवाय हे समजत नाही.

निर्णय: कोणी अपॉइंटमेंट रद्द केली तर ती वेळ प्रतीक्षायादीतल्या पेशंटला आपोआप द्यायची नाही. सॉफ्टवेअर नाव सुचवेल, होकार रिसेप्शनिस्ट देईल.
सोडलेले पर्याय: पूर्णपणे आपोआप देणं. किंवा यादीतल्या सगळ्यांना मेसेज पाठवून जो आधी उत्तर देईल त्याला देणं.
का: सहा दवाखान्यांत बसून पाहिलं. सहाही ठिकाणी यादीतला पहिला पेशंट सोडून दुसऱ्या कोणाला तरी बोलावलेलं दिसलं. कारणं प्रत्येक वेळी वेगळी: लांब राहतो, कालच फोनवर रडवेल्या आवाजात बोलला, डॉक्टरांना त्याचा रिपोर्ट आधी बघायचाय.
खात्री: १० पैकी ६.
कोणी ठरवलं: या भागाच्या प्रॉडक्ट मॅनेजरने.
परत कधी बघायचं: ८ आठवड्यांनी.
काय दिसलं तर आपण चुकलो: सुचवलेल्या दहा नावांपैकी नऊ नावांना रिसेप्शनिस्ट काही न बदलता होकार देत असेल तर.

यातल्या पहिल्या ओळी कोणीही भरेल. कस लागतो तो शेवटच्या ओळीत. "लोकांना आवडलं नाही तर चुकलो" असं लिहून चालत नाही, कारण लोकांना आवडलं नाही हे कोणीही कसंही ठरवू शकतं. काय दिसेल, कुठे दिसेल आणि साधारण किती, एवढं लिहायला लागलं की कितीतरी निर्णय तिथेच अडखळतात. एका फीचरच्या वेळी आम्ही ही ओळ तासभर लिहू शकलो नाही. काहीही दिसलं तरी आम्ही ते बरोबरच म्हणणार होतो. ते फीचर आम्ही केलं नाही.

'सोडलेले पर्याय' ही ओळही गाळू नका. सहा महिन्यांनी कोणीतरी तोच पर्याय नवा म्हणून घेऊन येतं. तेव्हा "हे आपण पाहिलंय, या कारणासाठी सोडलंय, ते कारण आता बदललंय का?" असं विचारता आलं की चर्चा दहा मिनिटांत मार्गी लागते.

खात्रीचा आकडा कशाला, असं पहिल्यांदा सगळ्यांनी विचारलं. १० पैकी ९ लिहिलेले निर्णय जेव्हा वारंवार फसतात, तेव्हा त्या माणसाला स्वतःबद्दल काहीतरी कळतं आणि मला ते सांगावं लागत नाही. शिवाय एखाद्याने ४ लिहिलं तर मी "मग करतोयस कशाला" असं म्हणत नाही. चारच्या खात्रीवर छोटा प्रयोग करायचा, नऊच्या खात्रीवर तीन महिन्यांचं काम काढायचं.

सगळंच लिहायचं नाही. बटणाचा रंग, मजकुरातला शब्द यांसाठी वही नको. माझी मोजपट्टी अशी: निर्णय फिरवायला आठवड्यापेक्षा जास्त वेळ लागणार असेल, किंवा त्याच्या भरवशावर दुसरी कुठली टीम आपलं नियोजन बदलणार असेल, तर नोंद करायची. तीन मॅनेजर मिळून महिन्याला पंधराएक नोंदी होतात. यापेक्षा फार जास्त व्हायला लागल्या तर लोक कंटाळून लिहायचं सोडतात.

वरच्या नोंदीचं पुढे काय झालं तेही सांगते. आठ आठवड्यांनी पाहिलं तर फेरतपासणीला येणाऱ्या पेशंटच्या बाबतीत रिसेप्शनिस्ट जवळजवळ कधीच नाव बदलत नव्हत्या. नव्या पेशंटच्या बाबतीत मात्र सतत बदलत होत्या. आम्ही या दोघांत कधी फरकच केला नव्हता. मग फेरतपासणी आपोआप झाली आणि नव्या पेशंटची निवड त्यांच्याकडेच राहिली. परत बघायची तारीख लिहिली नसती तर हा फरक हाती लागला नसता, कारण कोणाचीच तक्रार नव्हती.

'का' भरण्यासाठी उठून जावं लागतं

प्रॉडक्ट मॅनेजरच्या व्यवसायाचं मूळ शोधत गेलं की एका लेखी टिपणापाशी पोचतो. १३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकेलरॉय यांनी वरिष्ठांना तीन पानांचं टिपण लिहिलं. ते तेव्हा कॅमे साबणाची जाहिरात बघत होते. प्रत्येक ब्रँडची जबाबदारी घेणारी वेगळी माणसं असावीत, असं त्यांचं म्हणणं. या माणसाने कुठल्या भागात माल खपतोय आणि कुठे नाही ते तपासायचं, जिथे खपत नाही तिथे स्वतः जाऊन विक्रेत्यांशी बोलायचं, कारण शोधायचं आणि मग उपाय काढायचा. नव्वद वर्षं उलटून गेली तरी आमच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. त्यात जाणं आधी आहे, उपाय नंतर.

पद वाढलं की हे जाणंच पहिल्यांदा सुटतं. माझंही सुटलं होतं. मी वर्षभर डॅशबोर्ड, म्हणजे वापराचे आकडे दाखवणारा पडदा, बघत होते. त्यात एक दवाखाना आमचा आदर्श ग्राहक दिसत होता. सकाळी दार उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत सॉफ्टवेअर वापरात, सगळ्या अपॉइंटमेंट नोंदलेल्या, सपोर्टला एकही फोन नाही. मी तिथे गेले ती खरं तर कौतुक ऐकायला.

रिसेप्शनिस्टच्या शेजारी स्टुलावर बसले. कीबोर्डच्या डाव्या हाताला एक दोनशे पानी वही उघडी होती. पट्टी धरून पेन्सिलीने तीन रकाने आखलेले: नाव, आला का, आत गेला का. पेशंट आला की ती स्क्रीनवर नोंद करायची आणि लगेच वहीतही बरोबरची खूण करायची. प्रत्येक पेशंट, दोन वेळा. वहीची पानं कोपऱ्यात मऊ पडली होती आणि पेन्सिलीला मागच्या बाजूने दोरा बांधला होता, म्हणजे ही सोय आजकालची नव्हती. मी काही बोलले नाही. अर्ध्या तासाने आतलं दार उघडलं, डॉक्टरांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "किती राहिले?" तिने वहीवर एक नजर टाकली आणि म्हणाली, "सात." दार बंद.

नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमच्यात सगळं असतं हो. पण डॉक्टर विचारतात तेव्हा मला मोजत बसावं लागतं. वहीत दिसतं."

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात 'राहिलेले: ७' एवढं दाखवायला आमच्या टीमला दोन दिवस लागले. पुढच्या खेपेला गेले तेव्हा ती वही खणात होती. त्या एका सकाळी मला कळलं की सॉफ्टवेअर किती वापरलं जातं याचा आकडा, त्याच्या शेजारी काय ठेवलेलं आहे हे कधीच सांगत नाही.

तेव्हा जाताना काही गोष्टी पाळा. पहिली चाळीस मिनिटं गप्प बसा. आपल्याला बोलायची, समजावून सांगायची फार सवय असते आणि समोरचा माणूस आपण बोललो की शिष्टाचाराने मान डोलावतो. "असं फीचर दिलं तर वापराल का?" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर हो असंच येतं. "मागच्या वेळी असं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?" असं विचारा. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल माणसं खरं सांगतात. टेबलावरचे कागद, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, फोनमधले स्वतःलाच पाठवलेले मेसेज बघा. तुमच्या प्रॉडक्टमध्ये काय नाही ते तिथे लिहिलेलं असतं. आणि इंजिनिअरला बरोबर न्या. वहीची ही गोष्ट मी मीटिंगमध्ये सांगितली असती तर ती शंभर मागण्यांपैकी एक झाली असती. माझ्याबरोबर आलेल्या इंजिनिअरने ती दोरा बांधलेली पेन्सिल पाहिली होती, म्हणून दोन दिवसांत काम झालं.

किती ठिकाणी जायचं? पाच वापरकर्ते बघितले की वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी कळतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी मांडलेलं गणित प्रसिद्ध आहे. त्यामागचं गृहीतक असं की एक वापरकर्ता बघितला की ३१ टक्के अडचणी दिसतात. हे गणित आहे ते 'बनवलेलं नीट वापरता येतंय का' यासाठी. 'हे बनवावं का' या प्रश्नाला ते लावू नका. त्यासाठी मी तोपर्यंत जाते, जोपर्यंत नवीन ऐकायला मिळणं थांबत नाही. आमच्याकडे ते सहसा आठ ते बारा दवाखान्यांच्या मध्ये कुठेतरी थांबतं.

माझ्या दारातली रांग

निर्णयवही सुरू होऊन सहा महिने झाले तेव्हा मी एक गोष्ट मोजली. नोंदींमध्ये 'विचार कधी सुरू झाला' आणि 'ठरलं कधी' यांत खूप अंतर पडत होतं. एका सोमवारी मी यादी केली: माझ्या मतासाठी अडून राहिलेल्या गोष्टी १८. मी आठवड्याला निकालात काढत होते ३.

रांगांच्या शास्त्रात एक साधा नियम आहे. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. रांगेत सरासरी जितक्या गोष्टी असतात त्याला, ठरावीक काळात जितक्या बाहेर पडतात त्याने भागलं की एका गोष्टीला सरासरी किती काळ थांबावं लागतं ते कळतं. १८ भागिले ३. माझ्या टीमला प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी सरासरी सहा आठवडे थांबावं लागत होतं. इंजिनिअर सावकाश काम करतात म्हणून मी गेल्याच महिन्यात चिंता व्यक्त केली होती. उशीर माझ्या टेबलावर होत होता.

जास्त तास बसून हे सुटणार नव्हतं. रांगेत मुळात काय यावं हेच बदलायला हवं होतं. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले आहेत: एकाच बाजूने उघडणारं दार, जिथून आत गेलं की परत येता येत नाही, आणि दोन्ही बाजूंनी उघडणारं दार. मी त्या १८ गोष्टी या चाळणीतून काढल्या. परत येता न येणारं दार असलेल्या गोष्टी होत्या फक्त ४: दराची रचना बदलणं, बाहेरच्या कंपन्यांना डेटा देण्यासाठीचा एपीआय जाहीर करणं, पेशंटचा जुना डेटा किती काळ ठेवायचा, आणि एक फीचर काढून टाकणं. उरलेल्या १४ गोष्टींवर त्या त्या मॅनेजरने स्वतः ठरवायचं, वहीत लिहायचं आणि मला विचारायचं नाही, असं मी त्याच दुपारी कळवलं.

त्या चारांसाठी मात्र वेळ द्या, घाई करू नका. अशा निर्णयाआधी आम्ही मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची 'प्रीमॉर्टेम' पद्धत वापरतो. सगळ्यांना सांगायचं: समजा सहा महिने झालेत आणि हे सपशेल फसलंय. का फसलं ते लिहा. दहा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, शांतपणे लिहायचं, मग वाचून दाखवायचं. आधी लिहिणं महत्त्वाचं आहे. बोलण्यापासून सुरुवात केली तर पहिल्या दोघांचंच मत सगळ्यांचं होतं. आमच्याकडे सगळ्यात कामाची भीती बहुतेक वेळा टेस्टिंग करणाऱ्या सहकाऱ्याने लिहिलेली असते, आणि मीटिंगमध्ये तो क्वचितच बोलतो.

मान्य नसतानाही सोडून देणं

हे मला सर्वांत अवघड गेलं, म्हणून इथे जरा थांबते.

मॅनेजरने निर्णय घेतलाय, तो फिरवता येण्यासारखा आहे, आणि मला वाटतंय की तो चुकीचा आहे. माझ्याकडे जास्त अनुभव आहे, अधिकारही आहे. एका वाक्यात थांबवू शकते. थांबवलं तर ती पुढच्या वेळी स्वतः ठरवणार नाही, मला काय आवडेल याचा अंदाज घेईल. आणि माझी रांग परत अठरावर जाईल.

आमच्या एका मॅनेजरने रिसेप्शनचा पहिला पडदा दिवसाऐवजी आठवड्याचा करायचं ठरवलं. मला ते पटलं नाही. रिसेप्शनवर माणूस आजचाच दिवस बघत असतो, असं माझं म्हणणं. मी तिला ते एकदा स्पष्ट सांगितलं, आणि वहीत तिच्या नोंदीखाली माझ्या नावाने एक ओळ लिहिली: "मला वाटतं हे चुकेल, कारण सकाळच्या गर्दीत आठवडा बघायला कोणाला वेळ नसतो. खात्री १० पैकी ८." मग गप्प बसले. तीन आठवड्यांनी तिने स्वतःच आकडे आणले. सकाळी लोक आल्या आल्या दिवसाच्या पडद्यावर जात होते, ते मी म्हटल्याप्रमाणेच. पण दुपारी तीननंतर, फोनवर पुढच्या वेळा देताना, ते आठवड्याच्या पडद्यावरून हलतच नव्हते. तिने पडदा जिथे सोडला तिथेच परत उघडेल असं केलं. मी थांबवलं असतं तर दुपारबद्दल आम्हा दोघींनाही काही कळलं नसतं.

अशा 'मला वाटतं चुकेल' ओळी मी अजून लिहिते. वर्षाअखेरीस बसून त्या वाचते. माझ्या मतापेक्षा त्यांचा निर्णय बरोबर निघाला असं निम्म्याहून जास्त वेळा दिसतं. ते लोक त्या प्रश्नापाशी रोज असतात, मी आठवड्यातून एकदा.

एक पथ्य पाळा. निर्णय फसला तर "मी म्हटलं होतं" असं म्हणायचं नाही, नजरेनेही नाही. "काय दिसलं? आता काय करायचं?" एवढे दोनच प्रश्न. वहीत लिहिलेल्या गोष्टीची ज्या दिवशी कोणाला लाज वाटेल, त्या दिवसापासून लोक फक्त हमखास यशस्वी होणारे निर्णय लिहायला लागतील.

वरून आलेल्या सूचनेलाही वही उपयोगी पडते. कंपनीचे प्रमुख कुठेतरी डेमो बघून येतात आणि म्हणतात, आपल्यालाही हे हवं. तेव्हा मी वाद घालत नाही. "तुम्हाला त्यात नेमकं काय आवडलं?" असं विचारते आणि त्यांच्यासमोरच नोंद लिहायला घेते. 'का' आणि 'काय दिसलं तर चुकलो' या दोन ओळी त्यांनीच सांगायच्या. कधी कधी त्यांच्याकडे खरोखर चांगलं कारण असतं, जे मला माहीत नसतं, आणि ते मग वहीत येतं. कधी बोलता बोलता त्यांचं त्यांनाच वाटतं की आत्ता नको.

"रोडमॅपवर आहे"

हे दोन शब्द वापरणं बंद करा. रोडमॅप म्हणजे पुढे काय काय बनवायचं याची यादी. मोठ्या ग्राहकाची मागणी घेऊन सेल्सचा सहकारी येतो, तुम्हाला त्याला दुखवायचं नसतं, म्हणून तुम्ही म्हणता "रोडमॅपवर आहे". तुमच्या मनात अर्थ असतो 'कधीतरी बघू'. त्याला ऐकू येतं 'येणार'. ग्राहकाला तो सांगतो 'या तिमाहीत'. मी हे केलंय. ग्राहकाने त्या शब्दावर करार केला, फीचर आलं नाही, आणि करार वाचवायला सेल्सच्या सहकाऱ्याला एकट्याला त्यांच्यासमोर बसावं लागलं. त्याची माफी मी मागितली, पण त्याचा त्या ग्राहकाकडचा शब्द गेला तो गेलाच.

आता तीनच उत्तरं देते. हो, अमुक तिमाहीत. किंवा नाही, या कारणासाठी, आणि वहीतल्या नोंदीची लिंक. किंवा माहीत नाही, अमुक तारखेपर्यंत अभ्यास करून सांगते. तिसरं उत्तर दिलं की ती तारीख माझ्या कॅलेंडरमध्ये जाते आणि त्या दिवशी उत्तर मिळतंच, मग ते नकाराचं का असेना. सेल्सच्या लोकांना नकाराचा त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही, पण टांगून ठेवण्याचा त्रास त्याहून जास्त होतो.

आकड्यांबद्दल थोडं

"ए-बी टेस्ट करून बघू" हे निर्णय पुढे ढकलण्याचं सभ्य वाक्य झालंय. म्हणजे निम्म्या लोकांना जुनं आणि निम्म्यांना नवं दाखवून तुलना करायची. आधी गणित करा. समजा एखाद्या पानावर येणाऱ्या १०० पैकी ५ जण वेळ घेतात आणि बदलामुळे ते प्रमाण साडेपाच टक्के होतंय का हे तुम्हाला बघायचंय. नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी प्रत्येक गटात साधारण ३० हजार माणसं लागतात. आमच्या कित्येक पडद्यांवर वर्षभरात तेवढे लोक येत नाहीत. अशा वेळी पाच दवाखान्यांत जाऊन बसणं जास्त लवकर सांगतं.

उद्दिष्ट म्हणून एकच आकडा देऊ नका. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेलं निरीक्षण, की आकड्यावर नियंत्रणासाठी दाब आला की त्याचा आधीचा अर्थ टिकत नाही, ते आमच्याकडे तंतोतंत घडलं. ऑनलाइन घेतलेल्या अपॉइंटमेंटचं प्रमाण वाढवा, असं मी एका टीमला सांगितलं. त्यांनी दवाखान्याचा फोन नंबर पानाच्या तळाशी नेला. प्रमाण वाढलं. त्याबरोबर वेळ घेऊन न येणारे पेशंटही वाढले, कारण ज्यांना काही विचारायचं होतं त्यांनीही नुसती वेळ घेऊन टाकली होती. टीमने काही गैर केलं नव्हतं, मी मागितलं ते दिलं होतं. आता प्रत्येक आकड्याला एक जोडीदार असतो: हा वाढवा, पण तो वाढू देऊ नका.

काढून टाकण्याचे निर्णय

फीचर बनवण्याच्या नोंदी सगळे लिहितात, काढण्याच्या कोणी लिहीत नाही. वहीमुळे हे मला स्पष्ट दिसलं: पहिल्या वर्षात काढून टाकण्याची नोंद एकच होती.

न काढलेल्या गोष्टी पडून राहतात आणि पडून राहिलेली गोष्ट निरुपद्रवी नसते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, तो सातांवरच गेला. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच होता, आणि नव्या सुविधेसाठी त्याच जुन्या सुविधेचा फ्लॅग, म्हणजे ती चालू-बंद करणारी खूण, पुन्हा वापरला होता. तो जुना कोड चालू झाला. साधारण ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. नऊ वर्षांत तो जुना कोड काढण्याचा निर्णय कोणाच्या तरी टेबलावर यायला हवा होता.

म्हणून आता बनवण्याच्या प्रत्येक नोंदीत आणखी एक ओळ असते: 'हे कधी काढायचं?' काढताना वापरणाऱ्यांची संख्या बघून थांबू नका, ते कोण आहेत ते बघा. आम्ही छापील दिवसपत्रक काढायला निघालो होतो, वापर नगण्य होता. वापरणाऱ्यांना फोन केले तर त्यातले बरेच वीज वारंवार जाणाऱ्या भागातले दवाखाने निघाले. ते राहिलं आणि वहीत कारणही राहिलं.

सुरुवात

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तासभर फक्त ज्यांची तारीख आली आहे अशा नोंदी उघडतो. नवीन काही ठरवायचं नाही, फक्त बघायचं. तासात पाच-सहा होतात. उरतील त्यांना नवी तारीख द्यायची.

पण तिथपर्यंत पोचायच्या आधी एक करा. गेल्या महिन्यात तुमच्या टीमने घेतलेले पाच निर्णय आठवून कागदावर लिहा, प्रत्येकापुढे एका ओळीत कारण. शेजारच्या खोलीत तुमच्या मुख्य इंजिनिअरला किंवा डिझायनरला त्याच पाच निर्णयांची कारणं लिहायला सांगा. एकमेकांना विचारायचं नाही. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा पाचपैकी दोन जुळले. उरलेल्या तीनांवर त्याच दुपारी बोलायला बसलो, आणि वहीतल्या पहिल्या तीन नोंदी त्याच झाल्या.